जिवंत माणसाला उदबत्ती

"आई, मी बुन-हाय. मी जेवलो. तू जेवलीस का?"

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा दहा वर्षांची होते. ओहोटीच्या चिखलात गुडघाभर रुतून दगडी खांबांवरची कालवं काढत होते. समोर पाणी, पाण्यापलीकडे तिकडचा, चीनचा किनारा, आणि त्या किनाऱ्यावर भोंग्यांची भिंत. भोंगे आम्हाला रोजचेच होते. तिकडे भात आहे, मांस आहे, बंदुका टाका आणि पोहत या. आमच्या बाजूलाही तशीच भिंत होती, आणि आमची एक गोड गळ्याची बाई त्यांना हेच सांगायची, की भात आमच्याकडे आहे, मांस आमच्याकडे आहे, तुम्हीच या. दोन्हीकडचा भात कानांनी जेवून आम्ही घरी जाऊन रताळी खायचो.

पण त्या संध्याकाळचा आवाज वेगळा होता. आमच्या सै-ओ गावची बोली, शब्दाच्या शेवटी आमच्यासारखाच हेल. शेजारच्या खांबाशी वाकलेले बाबा ताठ उभे राहिले. त्यांच्या हातातली कोयती हवेत राहिली. मग ते पुन्हा वाकले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू काही ऐकलं नाहीस, आ-गिम."

ते खाली बघत होते, तरी मी मान हलवली.

बुन-हाय म्हणजे माझे मोठे काका, बाबांचे थोरले भाऊ. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. एकोणीसशे एकोणपन्नास साली, आठव्या महिन्याच्या पुनवेआधी, ते कालवांच्या दोन टोपल्या घेऊन होडीनं शियामेनच्या बाजाराला गेले. पुनवेसाठी साखर आणि आजीला निळं कापड आणणार होते. वीस वर्षांचे होते. ते तिकडे असतानाच होड्या अडवल्या, मागोमाग शियामेन पडलं, तिकडं कम्युनिस्टांचं राज्य आलं, आमच्या किनमेन बेटावर हरलेलं सैन्य येऊन बसलं, आणि मधलं पाणी बंद झालं. सकाळी गेलेला माणूस संध्याकाळी परत यायचा तो बावन्न वर्षांनी आला.

आजीला वाटायचं, तो येणारच. ती कालवं फोडता फोडता गायची:

"भरती गं भरती, काय आणिलंस वटीत
माझ्या लेकाची गं होडी, का गं ठेविलीस मुठीत"

पुढे अठ्ठावन साली सलग चव्वेचाळीस दिवस तोफा पडल्या. एक गोळा आमच्या परसातल्या तळघराच्या तोंडाशी फुटला आणि आजीचे दोन्ही कान गेले. त्यानंतरही ती गायचीच, पण स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यानं सूर कुठल्या कुठे जायचा. गावातल्या बायका हसायच्या. त्याच फुटलेल्या गोळ्याच्या लोखंडाची बाबांनी लोहाराकडून कोयती करून घेतली. चांगली कोयती होती, अजून आहे.

मग एकी-बेकी सुरू झाली. एकीच्या तारखेला तिकडून तोफा, बेकीच्या तारखेला शांतता. वीस वर्षं आमच्या लग्नांचे मुहूर्त, बाजार, न्हाणंधुणं सगळं बेकीच्या तारखेला व्हायचं. आणि मी दहा वर्षांची होते त्या शरदापासून बेकीच्या संध्याकाळी काकांचा आवाज यायचा. आधी शरण येण्याचं ठरलेलं भाषण, आणि शेवटी ते एकच: आई, मी जेवलो, तू जेवलीस का.

आजी उंबऱ्यावर बसून शिंपल्यांचा ढीग उपसत असायची. आमच्या माना वळलेल्या तिला दिसायच्या. ती बाबांना विचारायची, "काय म्हणतायत रे तिकडचे आज?"

बाबा तिच्यासमोर हात हलवून दाखवायचे. काही नाही, वारा आहे.

आता वाटतं, सांगायला काय झालं होतं. पण बहिऱ्या माणसाला गुपित ओरडून सांगावं लागतं. मध्ये एकच भिंत, आणि भिंतीपलीकडे गावावर नेमलेल्या फौजी साहेबाची कचेरी. आजीला अक्षरओळख नव्हती, की लिहून दाखवावं. आणि एकदा कळलं असतं तर ती पाण्यात शिरून हाका मारत सुटली असती, हे आम्हाला ठाऊक होतं. ज्याचा माणूस तिकडे जिवंत, त्या घराच्या नावावर कचेरीत लाल रेघ. फुगवलेला चेंडू घरात सापडला तरी, पोहून जाण्याचा बेत म्हणून, नोंद व्हायची तिथं.

तरी साहेबाच्या कानावर गेलंच. पहिल्या आवाजानंतर दोन दिवसांनी तो आला आणि विचारलं, हा बुन-हाय कोण. बाबा म्हणाले, माझा भाऊ त्याच साली बुडून मेला, हा कुणीतरी त्याचं सोंग करतोय. साहेब हसला. बुडाला ना, मग पितरांच्या फळीवर त्याची पाटी कुठाय, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पाटी आली. लाकडाची, वीतभर, काकांचं नाव आणि मरणाची तिथी कोरलेली. तिथी कुठली घालायची? बाबांनी टोपल्या होडीत ठेवल्या तो दिवस घातला. साहेबानं येऊन बघितलं, बाबांना उदबत्ती लावायला लावली आणि गेला. आजीला एवढंच कळलं, की साहेबाला दाखवायला काहीतरी केलंय. पाटीवरचं नाव तिला वाचता येत नव्हतं, पण आजोबांच्या पाटीशेजारी नवी पाटी कुणाची असणार ते कळायला अक्षर लागत नाही. तिनं ती उचलली आणि तोंड भिंतीकडे करून ठेवली.

"जिवंत पोराला कुणी उदबत्ती लावतं का रे?" ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली, की बाबांनी दार लावून घेतलं.

तीन वर्षांनी आवाज थांबला. का थांबला ते कळलं नाही. आजी बहात्तर साली गेली. मी तेव्हा तैवानच्या मोठ्या बेटावर शिवणाच्या कारखान्यात होते. फौजी बोटीत जागा मिळून घरी पोचेपर्यंत तिला माती देऊन झाली होती.

पाणी उघडलं दोन हजार एक साली. पहिल्या काही बोटींमधून मोठे काका आले. बहात्तर वर्षांचे, टक्कल पडलेले, निळा स्वेटर घातलेले. धक्क्यावर दोघे भाऊ एकमेकांसमोर उभे राहिले, आणि काका म्हणाले, "साखर आणायची राहिली रे." बाबा म्हणाले, "पूनवही राहिलीये अजून."

जेवायला मी कालवं घातलेली तांदळाची पेज केली होती. ज्वारीच्या दारूचे दोन पेले झाल्यावर काकांनी विचारलं. मला वाटतं, तेवढं विचारायलाच ते आले होते.

"भोंग्यावरून मी बोलायचो. कागद ते द्यायचे. 'शरण या' कागदावरचं. 'जेवलीस का' माझं, त्यासाठी दोनदा मार खाल्लाय. आई ऐकायची का?"

मी चुलीशी होते. मी वळले नाही.

"रोज," बाबा म्हणाले. "उंबऱ्यावर बसून. तुझं बोलून झालं की मगच जेवायची."

काका तोंडावर स्वेटरची बाही धरून रडले, आणि रडता रडता हसले. त्या रात्री तांदूळ काढताना, ते येणार म्हणून पिंपात दडवलेली पाटी त्यांच्याच हाताला लागली. आमची तोंडं उतरली. ते मात्र नाव वाचून पोट धरून हसायला लागले. म्हणाले, "तरीच. तिकडं दुष्काळात माणसं मेली, मी मेलो नाही. तुम्ही इकडून जेवू घालत होतात. राहू दे, फेकू नका. लागेलच पुढं."

त्यानंतर ते दरसाल यायचे. बोटीचा रस्ता अर्ध्या तासाचा. दरवेळी उंबऱ्यावर बसून म्हणायचे, इथं बसायची ना, आणि बाबा म्हणायचे, इथंच. मी एकदा बाबांना म्हटलं, सांगून टाका. ते म्हणाले, "त्याच्याकडे तेवढंच आहे."

गेल्या मे महिन्यात काका गेले. पंच्याण्णव वर्षांचे होते. त्यांच्या मुलीचा, पेक-हुनचा, फोन आला. शेवटचं बोलले ते एवढंच, की मला आईशेजारी ठेवा.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात तैपेईत नव्या सरकारचा शपथविधी झाला. भाषणात काही शब्द आले, पाण्यापलीकडच्यांना ते खपले नाहीत, आणि आमच्या बेटांभोवती त्यांच्या आरमाराची कवायत लागली. बोटी बंद. माझा मुलगा तैपेईत असतो. तो फोनवर म्हणाला, आई, आपण वेगळा देश आहोत हे आता कुणीतरी तोंडानं म्हणायलाच हवं होतं. बाबांनी फोन माझ्या हातातून घेतला.

"म्हण की बाळा. तू तिथं म्हण. आवाज इथं येतो."

मुलाला ते लागलं. त्याचंही चूक नव्हतं. त्याच्या पिढीनं तिकडचा भात कानांनी कधी खाल्ला नाही. बाबांचंही चूक नव्हतं. ब्याण्णव वर्षांचा माणूस, भावाच्या मातीला जाता येत नाही, आणि टीव्हीवर नकाशात आमच्या गावावरून लाल बाण गेलेला.

माती तिकडेच झाली. आता उरलं होतं ते काकांना बोलावून आणणं. आमच्यात बाहेर मेलेल्या माणसाचा जीव रक्ताच्या माणसानं पाण्याकाठी उभं राहून हाक मारून आणायचा असतो. बांबूच्या टोकाला त्याचं कापड बांधायचं, हाक मारायची, आणि कौल लावायचा. लाकडाचे दोन चंद्रकोरी तुकडे टाकायचे. एक उताणा आणि एक पालथा पडला तर तो आला. असं लागोपाठ तीनदा पडलं पाहिजे. हे सगळं भरती चढत असताना. पाणी फिरलं की वाट बंद, मग वर्षभर थांबायचं. बाबांचं वय बघता वर्ष म्हणजे कधीच नाही, हे त्यांनाही माहीत होतं.

काकांचा निळा स्वेटर आमच्याकडेच खुंटीला होता, मागच्या खेपेला विसरलेला. बांबू मी परसातून तोडला. भगताला बोलावलं. आमचा खिम भगत एरवी टॅक्सी चालवतो, गाडीच्या डिकीत घंटा आणि लाल कपडा असतोच. किनाऱ्यावर जायला मात्र त्या दिवसांत परवानगी लागत होती. तटरक्षक दलाचा अधिकारी मोठ्या बेटावरचा होता, माणूस बरा होता. त्यानं एक तास दिला आणि वर म्हणाला, "आजोबा, तिकडे तोंड करून 'ये, ये' म्हणणार? वर्तमानपत्रवाले म्हणतील, किनमेनवाले बोलावतायत त्यांना."

"साठ वर्षांपूर्वी तुमच्याच लोकांनी भोंगा लावून बोलावलं होतं," बाबा म्हणाले. "कुणी आलं का?"

दुपार कलली होती. धुकं विरळ झालं होतं आणि पलीकडे शियामेनचे मनोरे कुणी पुसत आणलेल्या अक्षरांसारखे दिसत होते. मध्ये त्यांच्या दोन करड्या बोटी, अलीकडे आमची एक. वाळूत जुन्या काळी शत्रूच्या होड्या फाडायला रोवलेले रुळाचे लोखंडी खांब तिकडे टोकं करून उभे होते. पाणी हळूहळू त्यांच्या पायांशी चढत होतं. पलीकडच्या किनाऱ्यावर पेक-हुन तिच्या वडिलांचा फोटो घेऊन उभी होती. मी फोन दगडाला टेकवून ठेवला होता, तिचा चेहरा दिसत होता.

"ताई, माझ्या बाबांना इकडून निघा म्हणून सांगितलंय मी," ती म्हणाली. "घाबरू नका म्हटलं, परक्याचं घर नाही, स्वतःचं घर आहे."

बाबांनी बांबू धरला. खिम भगतानं घंटा वाजवली. बाबांनी हाक मारली, "दादा, घरी चल." आवाज दोन पावलांवर पडला. साठ वर्षं हळू बोलून बोलून त्यांचा आवाज तसाच झाला होता.

भगतानं कौल टाकला. दोन्ही पालथे. नाही.

पुन्हा हाक, पुन्हा कौल. दोन्ही उताणे, म्हणजे तो नुसता हसतोय. मग दोन्ही पालथे. मग एकदा बरोबर पडला, आणि लगेच पुढचा पालथा. आठ-नऊ वेळा झालं. भगताच्या कपाळावर घाम आला.

"पाटी बघू," तो म्हणाला. मी पिशवीतून काढून दिली. त्यानं तिथी वाचली आणि माझ्याकडे बघितलं. "एकोणपन्नास? अहो, हा तर कागदोपत्री पंचाहत्तर वर्षांपूर्वीच घरी आलाय. आता बिचाऱ्यानं यायचं कुठल्या दारानं?"

मला हायसं वाटलं. खोटी तिथी, एवढंच ना. बाबांनी कमरेची कोयती काढली, तीच गोळ्याच्या लोखंडाची, आणि पाटीवरची तिथी खरवडून काढली. पाटी मांडीवर धरली होती. पांढरं लाकूड उघडं पडलं. भुसा वाऱ्यानं पाण्यावर गेला.

कौल टाकला. दोन्ही पालथे.

पाणी रुळांच्या अर्ध्यावर आलं होतं. रस्त्यावरून अधिकाऱ्यानं मनगटावरचं घड्याळ दाखवलं. फोनमधून पेक-हुननं विचारलं, "ताई, पोचले का?" मी म्हटलं, येतायत, वेळ लागतोय, म्हातारा माणूस आहे.

भगत वाळूत बसला. "काकांना काहीतरी अडतंय," तो म्हणाला. "हे माझ्या घंटेचं काम नाही. कुणाच्या मनात काही राहिलं असेल तर बोला. पाणी फिरलं की मीही काही करू शकत नाही."

मी बाबांकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मीच बोलले असते. दहा वर्षांची होते तेव्हापासून तोंडात धरलं होतं मी ते, आणि त्या क्षणी कळलं की ते माझं नव्हेच. मी फक्त सांभाळायला ठेवलं होतं.

बाबा उठले. बांबू त्यांनी माझ्या हातात दिला. पाण्यात शिरले, पायजमा भिजला, गुडघ्यापर्यंत गेले, आणि एका रुळाला धरून उभे राहिले. फोन चालू होता. पेक-हुन सगळं ऐकणार होती, आणि तिनंही तेवीस वर्षं वडिलांच्या तोंडून उंबऱ्यावरची आजी ऐकली होती. मी वाकून फोन बंद करायला गेले.

"राहू दे," बाबा मागे न बघता म्हणाले. "ऐकू दे तिला."

मग त्यांनी दोन्ही हात तोंडाभोवती धरले, भोंग्यासारखे. मी त्यांना आयुष्यात कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. आवाज फाटका आला, पण गेला, पाण्यावरून गेला. आमच्या बोटीवरचं कुणीतरी वळून बघायला लागलं.

"दादा, आईनं तुला ऐकलं नाही. एकदाही नाही. अठ्ठावन सालीच तिचे कान गेले होते. ती रोज विचारायची, काय म्हणतायत तिकडचे, आणि मी म्हणायचो, वारा आहे. भ्यालो होतो मी. तिनं तुझी पाटी उलटी ठेवली होती, नऊ वर्षं उलटी ठेवली. शेवटच्या थंडीत एका पहाटे मी उठलो तर ती फळीपाशी उभी होती. पाटी तिनं सुलटी केली होती, पदरानं पुसली होती, आणि तुला उदबत्ती लावत होती. मी दारात होतो, दादा. तू जिवंत आहेस हे मला ठाऊक होतं, आणि मी तिला उदबत्ती लावू दिली."